आठ अक्षरांची जागा

चामराजपेट, बेंगळूरु
१२ जुलै २०२५

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

पुक्, पुक्, पुक्-पुक्. निपाणीच्या आमच्या शाळेला लागून पिठाची गिरणी होती, आणि तिचं ऑइल इंजिन दिवसभर असं बोलत असायचं. तिकोटकर मास्तर त्याच ठेक्यावर कविता म्हणून घ्यायचे. भुजंगप्रयात असला तर विचारूच नकोस. लगागा लगागा करत अख्खा वर्ग डुलायचा, आणि इंजिनचा एखादा ठोका चुकला की सगळी पोरं एकदम अडखळायची. मास्तर खिडकीतून गिरणीवाल्याला ओरडायचे, "अरे, वृत्त मोडलं तुझं!" तुझे आजोबा पुरुषोत्तम माझ्या शेजारीच बसत. त्यांना विचार, अजून हसतील.

आम्ही बेंगळूरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. लिहिता-वाचता यावं म्हणून आईनं मला निपाणीला आजोळी ठेवलं होतं. परत आलो आणि वडिलांच्या लॉरी गॅरेजात उभा राहिलो. इंजिनची नाडी कानानं बघायला शिकलो, ती त्या शाळेमुळं. पण ज्या इंजिनांनी पोटाला दिलं त्यांनीच कान नेले. आता मला काही ऐकू येत नाही. घरात पाटी आहे. कौशल्या, म्हणजे तुझी इथली आजी, पाटीवर लिहून बोलते. पाटी लहान, त्यामुळं भांडणंही लहान झालीत. फोन माझ्या उपयोगाचा नाही, म्हणून हे पत्र.

पुरुषोत्तमनं कळवलं की तू के. आर. पुरमला राहतेस आणि इंजिनाच्या संगणकाचं काम करतेस. माझं एक काम आहे, बाळ.

माझा मुलगा गिरीराज. एकुलता. त्याची चौदा फुटी डिझेल लॉरी होती. इंजिनच्या संगणकात कंपनीनं घातलेलं मॅपिंग, म्हणजे इंजिननं कसं चालायचं त्याचे हुकूम, काढून त्यानं त्यात आपलं घातलं होतं. टर्बो नावाच्या पंख्याची हवा वाढव, डिझेलचा दाब वाढव, अशी त्याची तपश्चर्या चालायची. मी म्हणायचो, "कानानं ऐक रे." तो म्हणायचा, "अप्पा, तुमचा कान एकट्याचा, माझा लॅपटॉप सगळ्यांचा."

तीन वर्षांपूर्वी तो कॉफीची पोती आणायला चिक्कमगळूरकडं गेला. घाटात, तळ्यावरच्या वळणावर लॉरी उभी सापडली. चावी आत, बॅटरी उतरलेली, टाकी कोरडी. डिझेल वाटेवरच्यांनी काढून नेलं असेल, असं म्हणाले. गिरीराज नव्हता. तळं शोधलं. काही मिळालं नाही. त्या दिवसांत तो जरा गप्प असायचा, एवढ्यावरून लोक नको ते बोलले. लॉरी ओढून आणली, ती घरामागच्या आवारात उभी आहे.

येत्या महालय अमावास्येला त्याच्या नावानं पान वाढायचं, असं मी ठरवलं आहे. कौशल्या नाही म्हणते. जिवंत असला तर? ती म्हणते ते खोटं नाही. पण गेला असला, तर तीन वर्षं तो उपाशी दाराशी उभा आहे, हेही मला सोसत नाही. इंजिनाच्या आत शेवटच्या वेळचं काहीतरी लिहिलेलं राहतं म्हणतात. मला एवढंच बघून सांग: इंजिननं त्याला दगा दिला, की तोच ते सोडून गेला?

तुझा
रघुआजोबा

*

के. आर. पुरम
२२ जुलै २०२५

ती. रघुआजोबांस सा. न.

(आमच्या आजोबांनी फोनवर सांगितलंय, "सा. न. लिही, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघ." चुकलं तर सोडून द्या.)

रविवारी तुमच्याकडे येऊन गेले, पण पाटीवर इतकं सगळं लिहिता येईना. आजींनी दिलेली चटणीपुडी ऑफिसात दोन दिवसांत संपली.

आता लॉरीबद्दल. इंजिनाला कुठे दुखलं की त्याचा संगणक एक कोड नोंदवतो, आणि सोबत त्या क्षणाचं चित्र गोठवून ठेवतो: वेग किती, तापमान किती, डिझेलचा दाब किती. मला तेच चित्र हवं होतं. पण एकही कोड नाही, आजोबा. पाटी पुसलेली आहे. अक्षरशः.

त्यात ट्यून केलेल्या, म्हणजे मॅपिंग बदललेल्या, गाडीचा एक त्रास असतो. ट्यूनिंग करणारा काही तक्रारी मुद्दाम गप्प करतो, म्हणजे धोक्याचा दिवा लागत नाही. त्यामुळे कोड नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. आमच्या बॉसच्या भाषेत, "बंदा ओके बोल रहा है, मगर देख किधर रहा है."

कोड पुसल्यानंतर इंजिन कितीदा थंड असताना सुरू होऊन गरम झालं, याची मोजणी संगणक ठेवतो. आणि ती मोजणी बरीच पुढे गेलीय. लॉरी मात्र तेव्हापासून जागची हललेली नाही. म्हणजे कोणीतरी ती उभ्या जागी सुरू करतं, गरम होईपर्यंत चालवतं आणि बंद करतं. एकदा नाही. पुन्हा पुन्हा. बॅटरीसुद्धा नवी आहे. ती तुम्ही घातलीत का?

अजून एक छोटी गोष्ट सापडली आहे, पण ती महत्त्वाची नसावी. नंतर सांगेन.

तुमची
मुग्धा

*

चामराजपेट
४ ऑगस्ट २०२५

चि. मुग्धास आशीर्वाद.

बॅटरी मी घातलेली नाही. तुझं पत्र वाचून आवारात गेलो आणि तिच्याकडं बघत उभा राहिलो. रविवारी तू झाकण उघडलंस तेव्हा मीही बघितली होती, पण नवी म्हणून बघितली नव्हती. डोळ्यांना कानाची सवय असते. ऐकू येईना की दिसणंही आळसावतं.

लॉरीची चावी स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. आवाराचं मागचं फाटक गल्लीत उघडतं, त्याची एक चावी आमच्याकडं, आणि दुसरी गिरीराजच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. ते जुडगं सापडलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी वाचनालयात जातो. कौशल्याच आठवण करते, "अहो, शनिवार." तिथं जुन्या क्रमिक पुस्तकांचं एक कपाट आहे, मी त्यातल्या कविता चाळत बसतो. परवाच्या शनिवारी परत आलो ते चहाला न थांबता थेट मागं गेलो आणि लॉरीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. गरम होतं. कौशल्येला विचारलं. तिनं पाटीवर लिहिलं, "ऊन." मी वर बघितलं. आभाळ दिवसभर भरलेलं होतं.

मुग्धा, माझ्या घराच्या पाठीशी माझ्या मुलाची लॉरी सुरू होते, धडधडते, गप्प होते, आणि मला पत्ता नाही. काय म्हणावं याला? भिंतीला कान लावतो, तर माझ्याच डोक्यातली ती निपाणीची गिरणी ऐकू येते. काल सबंध दुपार जमिनीवर पालथा हात ठेवून बसलो होतो. कौशल्येनं लिहिलं, "मुंग्या मोजताय?"

ती छोटी गोष्ट काय ते आत्ताच सांग. म्हातारा आहे म्हणून झाकू नकोस. झाकलेलं भांडं मला जास्त भिववतं.

रघुआजोबा

*

के. आर. पुरम
९ ऑगस्ट २०२५

ती. रघुआजोबांस सा. न.

सॉरी. झाकायला नको होतं. सांगते.

मॅपिंग घालणारा त्या फाइलला एक नाव देतो. संगणकात त्या नावाला आठच अक्षरांची जागा असते. तुमच्या लॉरीत रोमन लिपीत आठ अक्षरं आहेत: ए, एन, एन, ए, बी, ए, एन, डी.

मी ते "अण्णा बंद" असं वाचलं.

पुण्याला आमच्या शेजारच्या घरात वडिलांना अण्णा म्हणतात. मला वाटलं, गिरीराजकाकाही तुम्हाला तसंच म्हणत असेल, आणि त्यानं रागात लिहिलं असेल, की अण्णांशी संबंध बंद. आमचे आजोबा म्हणाले होते की तुमचे दोघांचे खटके उडायचे. म्हणून तुम्हाला सांगवेना. ज्याला जायचंच आहे तो असं काही लिहून जातो, असं मनात येत राहिलं. ती फाइल लॉरी घरी आल्यानंतर घातलेली दिसते, त्यामुळे तर मला काहीच कळेनासं झालंय. कदाचित संगणकाची तारीख चुकली असेल. बॅटरी उतरली की चुकते.

चुकीचं वाचत असेन तर रागवा, चालेल.

मुग्धा

*

चामराजपेट
१३ ऑगस्ट २०२५

मुग्धा, मुग्धा!

अगं वेडे, बंद नव्हे! पुण्याची ती पुण्याचीच. कन्नडात "बंद" म्हणजे आला. शेवटचा द पूर्ण म्हण. अण्ण बंद. दादा आला! आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि नीट बघ. गिरीराज मला अप्पा म्हणायचा, अण्णा नव्हे. शिवाय वडील आले तर "बंदरु" म्हणतात. "बंद" हे एकेरी, थोरल्या भावाला धाकट्यानं प्रेमानं म्हणायचं. आता गिरीराजला धाकटं भावंड नाही, हे मला कळतं. पण कोणीतरी त्याला अण्ण म्हणतं आणि कोणीतरी त्याला आलेला बघितला आहे. लॉरी इथं आल्यानंतर! दुसरी चावी कुणाच्या जुडग्यात होती, सांग बघू?

मी कौशल्येला सांगितलं, महालयाचं पान रद्द. माणूस जिवंत असताना त्याला पितरांत बसवायचं पाप नको. मला वाटलं होतं ती रडेल, हसेल, देवापुढं साखर ठेवेल. ती चुलीकडं तोंड करून उभी राहिली. पाटी पुढं केली तर म्हणे हात ओले आहेत.

शनिवारी मी वाचनालयाला म्हणून निघेन आणि गल्लीतून मागं येईन. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या गाड्याआडून आमचं फाटक दिसतं. तीन वर्षं माझ्याशी बोलायचं त्याला जमलं नसेल तर सरी, बरं, नको बोलू दे. मला तो स्वल्प दिसला तरी पुरे.

आज बऱ्याच दिवसांनी एक अख्खी कविता आठवली. मधली कडवीसुद्धा.

रघुआजोबा

*

चामराजपेट
१८ ऑगस्ट २०२५

चि. मुग्धास आशीर्वाद.

तो नव्हता.

शनिवारी एक मुलगी स्कूटरवरून आली. तिशीची असेल. खाकी शर्ट, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. फाटकाची कडी आतून निघाली. कौशल्येनंच काढली. मी मागोमाग आवारात गेलो तेव्हा लॉरीचं धुराडं थरथरत होतं, आणि मागच्या पायरीवर कौशल्या बसली होती. डोळे मिटून, हात मांडीवर. मुग्धा, देवळात आरती ऐकताना ती बसते ना, तशी.

मला बघून मुलगी केबिनमधून उतरली आणि आधी माझ्या पाया पडली. शिवलीला तिचं नाव. गिरीराजबरोबर लॉऱ्यांचं ट्यूनिंग करायची. त्यानंच शिकवलं. त्याला ती अण्ण म्हणायची. मी त्याच्या कामाच्या जागी कधी फिरकलो नाही, त्यामुळं मला ती माहीत नव्हती. तिचं मराठी गिरीराजकडून उचललेलं. ते तिनं पाटीवर कन्नड लिपीत लिहिलं. मी कन्नड लिपीतलं मराठी वाचत बसलो, आणि आमच्या घराला याहून शोभेल अशी भाषा नाही असं त्याही स्थितीत वाटून गेलं.

हकीकत अशी. लॉरी पोलिसांकडून सोडवून आणताना तपासणीसाठी तिनंच गिरीराजचं मॅपिंग काढून कंपनीचं मूळ घातलं होतं. घरी आल्यावर कौशल्येनं एकदा सुरू करून दाखव म्हटलं. ऐकलं आणि म्हणाली, "ही गिरीची लॉरी नव्हे. हा आवाज परक्याचा." मग शिवलीलानं त्याचं मॅपिंग परत घातलं. आवाज परत आला. तेव्हापासून शनिवार. ती नवी बॅटरीही तिचीच. मला वाचनालयात धाडायचं ते यासाठी. मी कौशल्येकडं बघितलं तर तिनं पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुमच्यापुढं बसून एकटीनं कसं ऐकू?"

रागावणार होतो, मुग्धा. जमलं नाही.

मग मी त्या मुलीला विचारलं, "तू लिहिलंस ना, अण्ण बंद? कधी आला? कुठं बघितलास?" ती कौशल्येकडं बघायला लागली. कौशल्या जमिनीकडं. शेवटी मुलीनं खडू घेतला. तिनं पुरं नाव टंकलं होतं ते अण्ण बंदिल्ल. दादा आला नाही. लॉरीचा आवाज आला, पण तो आला नाही, म्हणून. यंत्रानं आठ अक्षरं ठेवली आणि पुढची कापली.

मी कन्नडात वाढलेला माणूस. "बंद"च्या पुढं "इल्ल" लागू शकतं हे मला तू सांगायला नको. पण सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, कोण जाणे.

पान रद्द केलेलं पुन्हा मांडायचं का, हे मी कौशल्येला विचारलेलं नाही. ती माझ्याकडं बघत नाही, मी तिच्याकडं.

एक गोष्ट मात्र मिळाली. कोड पुसण्याआधी ही मुलगी सगळं आपल्याजवळ उतरवून ठेवते. घाटातून आलेली लॉरी जशी होती तशी फाइल तिच्याकडं आहे. तिला ती तीन वर्षांत उघडवली नाही. तुझा पत्ता दिला आहे. ती तुझ्याकडं येईल. तू उघड.

रघुआजोबा

*

के. आर. पुरम
५ सप्टेंबर २०२५

ती. रघुआजोबांस सा. न.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

शिवलीला आली, माझ्या खोलीत चहा न पिता बसली. फाइल मी उघडली. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

एक कोड आहे. पी-००८७. इंजिनाला मिळणाऱ्या डिझेलचा दाब पडला, असा त्याचा अर्थ. ट्यून केलेल्या गाडीत हा कोड दिसला की आमचा पहिला संशय ट्यूनिंगवर जातो. दाब जास्त मागितला आणि पंपाला तो झेपला नाही, असं. चढावर, भर वेगात तसं होतं. म्हणून मी त्या क्षणाचं गोठलेलं चित्र बघितलं. वेग शून्य. इंजिन अगदी मंद, उभ्या गाडीचं असतं तसं. चढ नाही, जोर नाही. आणि गाडी थांबल्यापासून इंजिन उभ्या जागी किती वेळ चालू होतं, याचीही नोंद आहे. कित्येक तास, आजोबा. टाकीत होतं नव्हतं ते डिझेल संपेपर्यंत. तेव्हा कुठे दाब पडला. डिझेल कोणी चोरलं नव्हतं. इंजिननं ते उभ्या उभ्या जाळलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. इंजिननं दगा दिला नाही. काकाचं ट्यूनिंग अगदी नीट होतं. तो गाडी थांबवून उतरला तेव्हा काहीही बिघडलेलं नव्हतं.

दुसरा अर्धा भाग असा. इंजिन चालू ठेवून एखादा माणूस उतरतो आणि परत येत नाही. चावी फिरवण्याचंही ज्याला सुचलं नाही, त्याच्या मनात तेव्हा काय असेल? मला जे वाटतंय ते मला वाटायला नकोय. शिवलीलाला विचारलं तर ती रडत होती, पण मी समजत होते तशी नाही. एवढंच म्हणाली, "अप्पाजींना लिही. इंजिन चालू होतं, एवढं लिही. ते सांगतील."

तिनंच हट्ट केला म्हणून आम्ही गेल्या रविवारी घाटात जाऊन आलो. वळणावर कठडा आहे, खाली तळं, पलीकडे एक गाव. वळणापुढे चहाची टपरी आहे. टपरीवाला नवा आहे, त्याला काहीच माहीत नव्हतं. शिवलीलानं त्याच्या फळीमागे तुमचा पत्ता चिकटवला, लॉरीचा रंग लिहिला, आणि निघालो. मी म्हटलं, याचा काय उपयोग? ती म्हणाली, "इरली. असू दे."

आजींना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

मुग्धा

*

चामराजपेट
२१ सप्टेंबर २०२५, महालय अमावास्या

चि. मुग्धास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते कौशल्येला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझाच आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळं केवढ्यानं वाचलं कोण जाणे. शेजारची मंडळी कठड्याशी आली होती. "कित्येक तास" या शब्दांशी आम्ही दोघंही थांबलो. एकमेकांकडं बघितलं. मग मी पत्र खाली ठेवून गादीवर आडवा झालो आणि, खरं सांगतो, हसलो.

तुला कसं सांगू? टर्बोची गाडी घाट चढून आली की टर्बो लालबुंद झालेला असतो. तसंच एकदम बंद केलं तर त्यातलं तेल जागच्या जागी करपतं. म्हणून गाडी उभी करायची, इंजिन मंद चालू ठेवायचं, त्याला श्वास घेऊ द्यायचा, आणि मग परत येऊन चावी फिरवायची. हल्लीच्या गाड्यांना याची गरज नाही म्हणतात. पण गिरीराजनं टर्बोवर जास्तीचा भार टाकलेला, तो हे कधी चुकायचा नाही. आमच्या घरापुढंही लॉरी अशीच धडधडत ठेवून आधी आत येऊन पाणी प्यायचा. कौशल्या ओरडायची, "अरे, डिझेल काय फुकट आलंय?" तो म्हणायचा, "अम्मा, दमलाय तो. दोन मिनिटं."

कळलं का? चावी फिरवायची त्याला सुचली नाही असं नव्हे. त्यानं ती मुद्दाम ठेवली. ज्याला परत यायचं नसतं तो टर्बोची काळजी करत नाही. काही कामासाठी तो उतरला, दोन मिनिटांसाठी. काय काम, ते मला माहीत नाही. पण तो आम्हाला सोडून गेलेला नाही. तो परत येणार होता, आणि त्याचं इंजिन शेवटच्या थेंबापर्यंत त्याच्यासाठी जागं होतं.

कौशल्येनं पाटीवर लिहिलं, "मग तो गेला." आणि बऱ्याच वेळानं खाली लिहिलं, "पान वाढू."

तर आज पान वाढलं आहे. अंगणात रांगोळी नाही, आज घालत नाहीत. वडे, खीर, आळूची भाजी, आणि त्याला आवडायचा म्हणून सारू, म्हणजे इकडचं सार. माझ्या वडिलांचं पान, आजोबांचं पान, आणि कडेला एक. मी सगळ्यांची नावं घेऊन पाणी सोडलं, पण त्या कडेच्या पानाशी माझा हात थांबला. बापानं मुलाच्या नावानं पाणी सोडायचं म्हणजे गाडी उलटी चालवणं. कौशल्येकडं बघितलं. तिनं मान हलवली. पान वाढलं तिनं, पण नाव ती घेणार नाही आणि मला घेऊ देणार नाही. तीन वर्षांत ते नाव ती नेहमी "येईल"च्या आधी बोलली आहे. दुसरं काही त्याच्यापुढं लावायला तिची जीभ वळत नाही. अन्न निवत चाललं आहे. घास घालायला गच्चीवर जायचं राहिलं आहे. मी तिला वेळ द्यावा म्हणून हे पत्र घेऊन बसलो.

थांब. कौशल्या उठली. दारात कोणीतरी आहे.

शिवलीला नव्हे. ती मागच्या दारानं येते. हा एक माणूस आहे, चाळिशीचा, अनोळखी. एक पाय ओढतो. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडंच उभा राहिला आहे. हातात काही नाही. अंगावर ओलं धोतर आहे, कुठंतरी नदीवर आंघोळ करून थेट आल्यासारखं. कौशल्या त्याच्याशी बोलते आहे. बोलता बोलता तिनं दाराची चौकट धरली.

ती पाटी घेऊन आली. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो.

"घाटाखालच्या गावचा आहे. मोटारसायकल तळ्यात गेली होती याची."

पुसलं.

"वरून लॉरीवाला धावत आला. याला काठावर ढकललं. स्वतः पाणगवतात अडकला. याच्या डोक्याला मार. गावच्यांना हा एकटाच काठावर सापडला, त्यांनी पलीकडच्या तालुक्याला नेलं. वर्षभर याला काही आठवत नव्हतं. मग तुकड्यातुकड्यानं आठवलं, एक हात, पाणगवत, आणि वर रस्त्यावर चालू असलेलं इंजिन. लोकांना भास वाटला. टपरीवर पत्ता वाचला काल."

पुसलं. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं:

"दोन वर्षं हा महालयाला पाणी सोडतो. लॉरीवाला म्हणून. नाव ठाऊक नाही. नावाशिवाय पोचतं का, अशी शंका येते म्हणतो. नाव विचारायला आलाय."

मुग्धा, मी उठतो आहे. नाव सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण कौशल्येनं हात वर करून मला थांबवलं. पाटी तिनं खाली ठेवली आहे. ती त्या माणसाला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेते आहे, कडेच्या पानापाशी आणते आहे. आता तिचे ओठ हलताहेत, सावकाश, एकेक अक्षर सुटं, परक्याला नीट कळावं म्हणून. मला ऐकू येत नाही. पण मला वाचता येतं.